वायरस्ट्रास आणि त्यांची शिष्या

सन १८७० चा शरद ऋतू. फ्रान्स आणि प्रशिया यांच्यामध्ये युद्ध पेटलेले होते आणि बर्लिन शहराचे सारे लक्ष रणांगणाकडे लागले होते. अशा वेळी तेथील विश्वविद्यालयातील गणिताचे अध्यापक कार्ल वायरस्ट्रास यांच्या दाराशी एक वीस वर्षांची रशियन स्त्री येऊन उभी राहिली. पोशाख साधा, डोक्यावर जुन्या वळणाची टोपी, आणि तीही एवढी मोठी की तिच्या काठाखाली पाहुणीचे डोळे धड दिसू नयेत. तिला गणित शिकावयाचे होते, आणि ते वायरस्ट्रास यांच्यापाशीच शिकावयाचे होते.

वायरस्ट्रास पंचावन्नाच्या घरात आलेले होते. स्वभावाने ते कठोर नव्हते. परंतु विश्वविद्यालयाची दारे स्त्रियांना उघडावीत म्हणून झटणाऱ्या मंडळींपैकीही ते नव्हते. समोर आलेल्या मुलीला तोंडावर नकार देणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे. पुढच्या वर्गातील विद्यार्थ्यांकरिता काढलेली काही कठीण उदाहरणे त्यांनी तिच्या हाती ठेविली आणि ती सुटल्यावर परत यावयास सांगितले. पाहुणीची बोळवण करण्याचा हा एक सभ्य मार्ग होता. ती पुन्हा येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

आठ दिवसांनी ती परत आली. सर्व उदाहरणे सोडविली आहेत, असे तिने सांगितले. वायरस्ट्रास यांचा विश्वास बसेना. त्यांनी तिला शेजारी बसवून घेतले आणि एकेका उत्तराची ओळीने तपासणी आरंभिली. उत्तरे बरोबर होती; एवढेच नव्हे, तर त्यांची मांडणी स्वच्छ असून कित्येक ठिकाणी रीत तिची स्वतःची होती. समजावून सांगण्याच्या भरात तिने टोपी काढून ठेविली, आखूड कुरळे केस कपाळावर आले, आणि त्या प्रौढ अध्यापकाच्या मनात वात्सल्य उत्पन्न झाले, असे तिच्या चरित्रात तिच्या एका मैत्रिणीने लिहून ठेविले आहे. टोपीचा भाग वगळला तरी चालेल. कागदांचा वगळून चालणार नाही. शिष्याने हाती समिधा घेऊन गुरूकडे जावे, रित्या हाताने जाऊ नये, असा आपल्याकडे प्राचीन काळी प्रघात होता. सोफिया कोवालेव्हस्काया हिच्या समिधा म्हणजे ते आठ दिवसांचे कागद होत. शिफारसपत्रे तिच्यापाशी होती, आणि चांगली होती. पण दार उघडले ते त्या कागदांनी.

ही स्त्री बर्लिनपर्यंत कशी आली, ती हकीकतही लहान नाही. तिचा जन्म १८५० साली मॉस्को येथे झाला. वडील तोफखान्यातील सेनापती. सेवानिवृत्तीनंतर हे कुटुंब पालिबिनो नावाच्या खेडेगावातील आपल्या वाड्यात राहावयास गेले. वाड्याची डागडुजी चालली असता भिंतींना लावण्याचा शोभेचा कागद पुरला नाही, तेव्हा मुलांच्या खोलीच्या भिंतीला घरात पडून असलेले जुने छापील कागद डकविण्यात आले. ते होते ओस्त्रोग्रादस्की या रशियन गणितज्ञाच्या कलनशास्त्रावरील व्याख्यानांचे. वडिलांनी तारुण्यात ती विकत घेतली होती. लहानगी सोफिया त्या भिंतीपुढे तासन् तास उभी राहून कोणत्या पानापुढे कोणते पान येते याचा शोध घेई. अर्थ कळत नसे, परंतु सूत्रांच्या आकृती डोळ्यांत उतरत. पुढे पंधराव्या वर्षी पीटर्सबर्ग येथे कलनशास्त्राचा पहिला धडा घेताना शिक्षकांना नवल वाटले की, या मुलीला ह्या कल्पना जणू पूर्वीच ठाऊक होत्या.

तिच्या बुद्धीची खरी ओळख मात्र एका शेजाऱ्याला पटली. पदार्थविज्ञानाचे एक अध्यापक त्यांच्या शेजारी राहत. त्यांनी स्वतः लिहिलेले पाठ्यपुस्तक घरी भेट म्हणून दिले. त्यातील प्रकाशाचे प्रकरण वाचताना सोफियाला ‘ज्या’ या त्रिकोणमितीतील राशीने अडविले. त्रिकोणमिती तिला कोणी शिकविलेली नव्हती. तेव्हा तिने लहान कोनांकरिता ज्येच्या जागी वर्तुळाची जीवा घेऊन पाहिली आणि सर्व सूत्रे जुळविली. या ठिकाणी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपल्या प्राचीन ज्योतिषांची ज्या हीही धनुष्याच्या दोरीवरून, म्हणजे जीवेवरूनच निघालेली आहे. मनुष्यजातीने ज्या वाटेने हा विषय प्रथम गाठला, ती वाट या मुलीने खेड्यातील एका खोलीत बसून पुन्हा काढिली. शेजाऱ्याने तिच्या वडिलांना आग्रह करून सांगितले की, हिला गणित शिकवा.

पण कोठे शिकवावयाचे? रशियातील विश्वविद्यालये स्त्रियांना बंद होती. परदेशी जावे तर अविवाहित मुलीला वडिलांच्या संमतीवाचून पारपत्र मिळत नसे, आणि सेनापतींची संमती मिळण्याचा संभव नव्हता. त्या काळच्या सुधारक रशियन तरुणांनी यावर एक विलक्षण तोड काढलेली होती. समविचारी तरुणाशी नावापुरता विवाह करावयाचा आणि त्याच्या सोबतीने देशाबाहेर पडावयाचे. १८६८ साली सोफियाने व्लादिमिर कोवालेव्हस्की याच्याशी असा विवाह केला. हा तरुण पुढे प्राचीन प्राण्यांच्या अवशेषांचा नामांकित अभ्यासक झाला. एका विद्येसाठी एवढा मोठा खोटेपणा पत्करावा काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आणि त्या खोटेपणाची किंमत दोघांनाही पुढे भरावी लागली, हेही खरे. परंतु दुसरा मार्ग त्या समाजाने तिच्यापुढे ठेविला नव्हता.

१८६९ साली ती हायडेलबर्ग येथे आली. तेथे प्रत्येक अध्यापकाची निराळी परवानगी काढून तिला व्याख्यानांस बसता आले. किर्खोफ, हेल्महोल्ट्झ अशा थोर पुरुषांची व्याख्याने तिने ऐकली. रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांची प्रतिज्ञा होती की, आपल्या प्रयोगशाळेत स्त्रीचे पाऊल पडू द्यावयाचे नाही. सोफियाने आपल्या मैत्रिणीसाठी, युलिया लेर्मोंतोव्हा हिच्यासाठी, त्यांच्याकडे जाऊन इतक्या गोड शब्दांत रदबदली केली की, प्रतिज्ञा तेथेच मोडली. ही बाई मोठी धोक्याची आहे, अशी सूचना बुन्सेन यांनी मागाहून वायरस्ट्रास यांना दिली! गणितात तिला शिकविणारे क्योनिग्सबर्गर हे वायरस्ट्रास यांचे शिष्य होते. त्यांच्या तोंडून गुरूंचे नाव वारंवार निघे. मूळ झरा बर्लिनला आहे हे सोफियाने ओळखले आणि ती तिकडे वळली.

येथे कोणी विचारील की, एवढी बुद्धिमान विद्यार्थिनी पुस्तके घेऊन घरी का बसली नाही? याचे उत्तर वायरस्ट्रास यांच्या स्वभावात आहे. आपले शोध छापण्याची त्यांना मुळीच घाई नसे. सिद्धतेचा एकेक दगड पक्का बसल्याखेरीज ते वरचा दगड ठेवीत नसत, आणि इमारत पुरी झाली असे त्यांना क्वचितच वाटे. त्यांचे पुष्कळसे गणित केवळ त्यांच्या व्याख्यानांत होते. विद्यार्थ्यांनी उतरून घेतलेल्या वह्या हातोहात फिरत, आणि त्या वह्यांतून ते युरोपभर पसरे. ते गणित हवे असेल तर त्या माणसासमोर बसणे भाग होते. एकलव्याने मातीची मूर्ती पुढे ठेवून धनुर्विद्या साधली. परंतु त्यालाही दुरून का होईना, बाण कसा सुटतो ते पाहावयास मिळाले असावे. बर्लिनमध्ये सोफियाला तेवढेही मिळेना. वायरस्ट्रास यांनी तिच्यासाठी विश्वविद्यालयाच्या अधिकारमंडळाकडे विनंती केली, ती फेटाळण्यात आली. स्त्रीला वर्गाच्या मागच्या बाकावरही जागा नव्हती.

तेव्हा त्यांनी वर्गच तिच्याकडे नेला. दर रविवारी दुपारी ती त्यांच्या घरी जाई आणि आठवड्यातून एक दिवस ते तिच्या बिऱ्हाडी येत. विश्वविद्यालयात जी व्याख्याने झाली असतील ती ते तिला पुन्हा सांगत, टिपणे देत, आणि अद्याप कोठे न छापलेले आपले विचारही तिच्यापुढे मांडीत. बर्लिनमधील वास्तव्यात मध्यंतरी खंड पडले, तरी हा क्रम १८७४ पर्यंत चालला. याबद्दल त्यांनी एक पैही घेतली नाही. हा मनुष्य प्रकृतीने निरोगी नव्हता, हेही ध्यानात घ्यावयास हवे. त्यांना घेरीचा विकार होता. वर्गात ते खुर्चीवर बसून सांगत आणि फळ्यावर एखादा विद्यार्थी लिही. अशा माणसाने आपली रविवारची विश्रांती एका विद्यार्थिनीला द्यावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्यांनी एवढे का करावे? याचा थोडा उलगडा त्यांच्या पूर्वायुष्यातून होतो. वडिलांनी त्यांना बॉन येथे कायदा व राज्यकारभार शिकण्यासाठी धाडले होते. तेथे चार वर्षे तलवारबाजीत आणि मद्याच्या बैठकीत घालवून ते पदवीवाचून घरी परतले. मग शिक्षकाची परीक्षा द्यावी म्हणून म्युन्स्टर येथे गेले, आणि तेथे त्यांना गुडरमान भेटले. दीर्घवृत्तीय फले हा त्या काळी अगदी नवा विषय गुडरमान शिकवीत. पहिल्या व्याख्यानाला तेरा विद्यार्थी होते आणि त्यानंतर एकटे वायरस्ट्रास उरले, असे सांगतात. एकट्या विद्यार्थ्यासाठी गुडरमान यांनी व्याख्याने चालू ठेविली. त्यानंतर सुमारे चौदा वर्षे वायरस्ट्रास लहान गावांतील शाळांतून शिकवीत राहिले. गणिताबरोबर हस्ताक्षर आणि व्यायामही त्यांना शिकवावा लागे. जवळ ग्रंथालय नाही, ज्याच्याशी बोलावे असा मनुष्य नाही. १८५४ साली त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि सारे गणिती जग चकित झाले. क्योनिग्सबर्ग विश्वविद्यालयाने त्यांना सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. पुढे दोन वर्षांनी ते बर्लिनला आले. एकट्या विद्यार्थ्यासाठी शिकविणारा गुरू काय असतो आणि गुरू नसलेली वर्षे कशी जातात, या दोन्ही गोष्टी त्यांना अनुभवाने ठाऊक होत्या.

रविवारच्या त्या घरात वायरस्ट्रास यांच्या दोन अविवाहित बहिणी राहत. तेही अविवाहितच होते. या तिघांनी सोफियाला घरच्या मुलीप्रमाणे वागविले. बर्लिनमधील तिचे स्वतःचे जीवन मात्र फार रूक्ष होते. युलियासह ती एका गैरसोयीच्या बिऱ्हाडात राही. दिवस दिवस मेजावरून उठत नसे. जेवणाखाण्याकडे, कपड्यांकडे लक्ष नाही. पती अधूनमधून येई आणि परका पाहुणा असल्याप्रमाणे निघून जाई. वृद्ध गुरूंना त्या वैवाहिक संबंधाचे कोडे उलगडेना. सुमारे दोन वर्षांनी तिने खरी हकीकत त्यांना सांगितली. त्यावर वायरस्ट्रास यांनी उपदेशाचे प्रवचन केले नाही. या मुलीला आपल्या पायांवर उभे राहावे लागणार, तेव्हा तिच्या हाती पदवी असलीच पाहिजे, हे त्यांनी जाणले आणि ते कामाला लागले.

पदवीसाठी एक प्रबंध पुरे असतो. सोफियाकडून तीन तयार करून घेण्यात आले. त्यांतील पहिल्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. तार कशी कंप पावते, उष्णता कशी पसरते, पाणी कसे वाहते, या साऱ्या गोष्टी गणितात आंशिक अवकल समीकरणांच्या रूपाने मांडतात. आरंभीची स्थिती दिली असता पुढची स्थिती अनंत श्रेढीच्या रूपाने निश्चित करता येते काय, हा प्रश्न वायरस्ट्रास यांनी तिला घालून दिला. तिने दाखविले की, समीकरण विशिष्ट रूपाचे असेल तर तशी श्रेढी मिळते, आणि एकच मिळते. कोशी या फ्रेंच गणितज्ञाने याच वाटेवर पूर्वी काही काम केले होते. त्याची वार्ता तिला नव्हती. आज हा सिद्धान्त दोघांच्या जोडनावाने प्रत्येक मोठ्या विद्यालयात शिकविला जातो.

परंतु अधिक मौजेचा भाग पुढेच आहे. वायरस्ट्रास यांची अशी समजूत होती की, समीकरणावरून एकदा श्रेढी मांडता आली म्हणजे तिच्यातून उत्तर निघणारच. सोफियाने उष्णतेच्या प्रसाराचे साधे समीकरण घेतले आणि श्रेढी तर मांडता येते, पण तिची बेरीज कोठेच स्थिरावत नाही, असे उदाहरण त्यांच्यापुढे ठेविले. युरोपातील श्रेष्ठ विश्लेषकाची समजूत त्याच्याच विद्यार्थिनीने, त्यानेच घालून दिलेल्या प्रश्नात चुकीची ठरविली. वायरस्ट्रास यांना आनंद झाला. त्यांनी एका गणितज्ञाला पत्र लिहून ही गोष्ट कळविली आणि स्पष्ट केले की, प्रश्न सुचविणे आणि जर्मन भाषेतील व्याकरणाच्या चुका दुरुस्त करणे यापलीकडे त्या प्रबंधात आपला वाटा नाही. ते पत्र त्यांनी लिहिले ही मोठी दूरदृष्टी होय. त्याची गरज पुढे कशी पडली, ते लवकरच येईल.

दुसरा प्रबंध शनीच्या कड्यांच्या आकाराविषयी होता. लाप्लास याने कड्याचा छेद दीर्घवर्तुळाकार धरला होता. सोफियाने तो अंड्यासारखा, एका बाजूस निमुळता असल्याचे गणिताने काढले. तिसरा आबेलीय संकलांविषयीचा. पदवी बर्लिनला मिळणे अशक्य. तेव्हा ग्योटिंगेन येथे प्रयत्न झाला, कारण तेथे परदेशीय उमेदवारांना समक्ष हजर न राहता पदवी देण्याची रीत होती. तोंडी परीक्षेतूनही तिला सूट मिळावी म्हणून वायरस्ट्रास यांनी तेथील परिचितांना पत्रावर पत्रे लिहिली. तिच्या भिडस्तपणाचे आणि अपुऱ्या जर्मन भाषेचे कारण त्यांनी पुढे केले. १८७४ च्या ऑगस्टमध्ये अत्युच्च प्रशंसेसह तिला डॉक्टर ही पदवी मिळाली. अर्वाचीन युरोपात गणितात ही पदवी मिळविणारी ती पहिली स्त्री.

कथा येथे संपावयास हवी होती. पण पदवी घेऊन मायदेशी परतलेल्या या विदुषीला रशियात मुलींच्या प्राथमिक वर्गांना अंकगणित शिकविण्यापलीकडे कोणतेही काम मिळेना. पाढ्यांच्या बाबतीत आपण कच्च्याच आहोत, असे ती खेदाने म्हणे. मग तिने गणित बाजूस ठेविले. पीटर्सबर्गच्या सभासमारंभांत ती रमली. वर्तमानपत्रांत लिहू लागली. व्लादिमिरशी नावापुरता असलेला विवाह आता खरा विवाह झाला आणि १८७८ साली तिला कन्या झाली. दोघांनी घरबांधणीच्या व्यवहारात पैसा घातला आणि तो सर्व बुडाला.

या काळात बर्लिनहून पत्रे येत राहिली. सोफियाने कित्येकांना उत्तर दिले नाही. काही वर्षे तर ती अगदी मूक होती. कामाची वाट लावून दिलेली शिष्या अशी गप्प बसली म्हणजे गुरूच्या मनाला काय वाटत असेल, याची कल्पना ज्याने कधी शिकविले आहे त्याला सहज येईल. वायरस्ट्रास यांना वाईट वाटत होते. पत्रांतून ते दिसतेही. पण त्यांनी दार लावून घेतले नाही. १८७६ साली त्यांचा दुसरा एक शिष्य, स्वीडनचा मित्ताग-लेफ्लर, पीटर्सबर्गला गेला असता गुरूंच्या सांगण्यावरून सोफियाला भेटला. ही भेट पुढे तिच्या सर्व आयुष्याला कलाटणी देणारी ठरली. एका गुरूच्या शिष्यांमध्ये जे नाते असते ते कधी कधी गुरूच्या शब्दापेक्षाही अधिक काम करून जाते.

१८८० च्या जानेवारीत पीटर्सबर्गला निसर्गवैज्ञानिकांची परिषद भरली. रशियाचे थोर गणिती चेबिशेव्ह यांनी सोफियाला तेथे निबंध वाचण्याचे सुचविले. तिने पेटीतून सहा वर्षांपूर्वीचा, न छापलेला तिसरा प्रबंध काढला, एका रात्रीत त्याचे रशियन भाषांतर केले आणि परिषदेत वाचून दाखविला. सहा वर्षे पेटीत पडूनही तो शिळा झालेला नव्हता. त्याच वर्षी ती बर्लिनला गेली. वायरस्ट्रास यांनी जुना हिशेब काढला नाही; नवे काम दिले. स्फटिकांतून प्रकाश कसा जातो याचा तो प्रश्न होता.

या प्रश्नावरील तिचा निबंध १८८५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात एक मूलगामी चूक राहिली. ती प्रसिद्ध होईपर्यंत कोणाच्याच ध्यानात आली नाही. सोफियाच्या मृत्यूनंतर इटालियन गणिती व्होल्टेरा याने ती दाखवून दिली. त्या निबंधाची रीत वायरस्ट्रास यांची होती. ज्या शिष्येने वयाच्या चोविसाव्या वर्षी गुरूंच्या समजुतीला छेद दिला, तिनेच पुढे गुरूंच्या रीतीवर विसंबून ही ठेच खाल्ली. अर्थात, या मधल्या काळात तिच्यावर काय काय कोसळले होते ते विसरून चालणार नाही. १८८३ च्या एप्रिलमध्ये कर्जात आणि अपकीर्तीच्या भीतीत सापडलेल्या व्लादिमिरने आत्महत्या केली. बातमी ऐकून सोफियाने अन्न टाकले; ती बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यावर तिने मागितले ते कागद आणि शिसपेन्सिल.

त्याच वर्षाच्या अखेरीस मित्ताग-लेफ्लर यांच्या खटपटीने ती स्टॉकहोमला आली. पहिले सत्र तिने नियमित वेतनावाचून, जर्मन भाषेत शिकविले. १८८४ साली पाच वर्षांच्या कराराने तिला प्राध्यापक नेमण्यात आले आणि १८८९ साली ती जागा कायम झाली. स्ट्रिंडबर्ग या नाटककाराने स्त्री प्राध्यापक म्हणजे एक विकृती आहे अशा आशयाचा लेख लिहिला. तिचे वर्ग चालू राहिले.

आता त्या पत्राची गरज. सोफियाचे नाव होऊ लागताच कुजबूजही सुरू झाली की, हे गणित खरे पाहता वायरस्ट्रास यांचे. पुढे क्लाइन यांच्यासारख्या अधिकारी गणितज्ञानेही आपल्या व्याख्यानांत नमूद केले की, तिचे लेखन वायरस्ट्रास यांच्या वळणाशी इतके एकरूप आहे की त्यात तिचे स्वतःचे किती ते सांगणे कठीण. पुरुष शिष्यांच्या बाबतीत गुरूचे वळण दिसले म्हणजे त्याला परंपरा म्हणतात. स्त्रीच्या बाबतीत त्यालाच उसनवारी म्हणण्यात आले. तिने स्वतः हे वळण कधी लपविले नाही. आपले सर्व काम वायरस्ट्रास यांच्या विचारांच्या धोरणाने झाले आहे, असे तिने आत्मवृत्तात मोकळेपणाने सांगितले आहे. ऋण कबूल करणाऱ्याच्या पदरी कधी कधी हा दोष येतो.

या आक्षेपाला तिने दिलेले उत्तर शब्दांत नव्हते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बोर्दिन पारितोषिकासाठी एका स्थिर बिंदूभोवती फिरणाऱ्या घन पदार्थाच्या, सोप्या भाषेत सांगावयाचे तर भोवऱ्याच्या, गतीचा प्रश्न ठेविला होता. या प्रश्नाची दोन प्रकरणे पूर्वी सुटली होती, एक ऑयलर याने सोडविलेले आणि दुसरे लाग्रांज याने. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे तिसरे कोणाला सापडले नाही. पारितोषिकाच्या निबंधावर लेखकाचे नाव घालावयाचे नसे. वर एक बोधवाक्य आणि सोबत मोहोरबंद पाकिटात नाव, अशी पद्धत होती. १८८८ च्या डिसेंबरात निकाल लागला. पाकीट उघडले तेव्हा आत सोफिया कोवालेव्हस्काया हे नाव होते. निबंध असामान्य ठरल्यामुळे अकादमीने पारितोषिकाची रक्कम तीन हजार फ्रँकांवरून पाच हजारांवर नेली.

तिने केले काय? तिने काल ही राशी नेहमीची वास्तव संख्या न धरता सदसत् संख्या धरली, म्हणजे जिच्यात उणे एकाचे वर्गमूळ येते अशी, आणि विचारले की, अशा काळात भोवऱ्याची गती केव्हा नीट व एकमूल्य राहील? या अटीतून तिला तिसरे प्रकरण सापडले. ज्या फलांच्या साहाय्याने तिने ते सोडविले ती फले वायरस्ट्रास यांच्या घरातली. त्यांच्याच जातीची उदाहरणे पहिल्या भेटीत त्या मोठ्या टोपीवालीच्या हाती दिलेली होती. ते शस्त्र भोवऱ्यावर चालवावे आणि कालाला असा प्रश्न विचारावा, ही दृष्टी तिची. ही रीत पुढे इतर अनेक समीकरणांना लावण्यात आली आणि आजही तिच्या नावाने ओळखली जाते. निकालाच्या वार्तेने वृद्ध वायरस्ट्रास यांना मनापासून हर्ष झाला.

१८८९ साली पीटर्सबर्गच्या अकादमीने नियम बदलून तिला आपली पत्रव्यवहारी सभासद निवडले. रशियात नोकरी मात्र तेव्हाही मिळाली नाही. १८९१ च्या आरंभी युरोपच्या दक्षिणेतून स्टॉकहोमला परतताना तिला सर्दी झाली. तशाच स्थितीत तिने ६ फेब्रुवारीचे व्याख्यान दिले. आणि १० फेब्रुवारी रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ती मरण पावली.

वायरस्ट्रास तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. त्यांनी सोफियाची सर्व पत्रे एकत्र केली आणि जाळून टाकली. त्यानंतर सहा वर्षांनी, १८९७ साली, ते वारले. त्यांनी तिला लिहिलेली पत्रे मात्र तिच्या कागदपत्रांत राहिली होती. ती मित्ताग-लेफ्लर यांच्या हाती आली, त्यांतील काही भाग त्यांनी १९२३ साली प्रसिद्ध केला, आणि सबंध संग्रह १९७३ साली मॉस्को येथे छापला गेला. त्या पत्रांत श्रेढी आहेत, ग्योटिंगेनच्या पदवीची खटपट आहे, प्रकृतीची विचारपूस आहे, उत्तर न आल्याची खंत आहे. रविवारच्या त्या खोलीत सोफियाने काय विचारले, कोठे हरकत घेतली, कोणता मुद्दा तिला पटला नाही, हे आज वाचणाऱ्याला गुरूंच्या उत्तरांवरूनच ताडावे लागते.